सामान्य काळातला आनंद

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मनाचा आनंद कसा टिकवावा या विषयावर मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर, योगशिक्षक अशा निरनिराळ्या जाणकारांनी लिहिले. ते सारे लेख मी मन लावून वाचले आणि झोपेबद्दल, चालण्याबद्दल त्यांत जे सांगितले आहे ते माझ्या वयाला उपयोगाचेही वाटले. मात्र श्रद्धेचा उल्लेख जिथे जिथे आला तिथे तो ताण हलका करण्याचा एक उपाय म्हणूनच आला. मी वसईच्या कॅथलिक कुटुंबात जन्मले आणि चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. देवावरचा भरवसा माझ्या वाट्याला उपाय म्हणून कधी आला नाही. घरातल्या चुलीसारखा तो आधीपासूनच तिथे होता आणि त्याच्याभोवती आमचा दिवस फिरत असे. त्या भरवशातून येणारा आनंद कसा असतो हे ज्यांच्या घरी आमचा धर्म नाही अशा वाचकांनाही सांगावे असे फार दिवस मनात होते. पत्र थोडे लांबले आहे, तरी त्याला जागा द्यावी ही विनंती.

आम्ही ख्रिस्ती लोक वर्तमानपत्रांत बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिसतो. गोठा, चांदणी, केक, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली आमची मुख्य उपासना) यांची छायाचित्रे येतात आणि ती पाहून आम्हालाही बरे वाटते. परंतु चर्चच्या वर्षाचा हिशेब मांडला तर सणांचे दिवस त्यात थोडे असतात. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि नाताळचे दिवस, पुढे भस्म बुधवारी सुरू होणारा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ आणि ईस्टरपासूनचे पन्नास दिवस एवढे बाजूला काढले की वर्षाचे ३३ किंवा ३४ आठवडे उरतात, आणि त्यांना आमच्याकडे 'सामान्य काळ' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याला 'वर्षभराचा काळ' अशा अर्थाचे नाव आहे. या काळात मिस्सा अर्पण करताना धर्मगुरूंच्या अंगावर हिरवी वस्त्रे असतात. जूनअखेरीस आमच्या वाड्यांत केळीची नवी पाने उलगडत असतात, बावखले, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, काठोकाठ भरलेली असतात, आणि चर्चमध्ये वेदीवरही हिरवा रंग असतो. लहानपणी मला खरोखर वाटे की पाऊस पडला म्हणून फादर हिरवे घालतात. आईने तो गैरसमज कधी दूर केला नाही आणि आज मला तो फारसा चुकीचाही वाटत नाही, कारण हा काळ वाढीचा आहे असेच चर्च सांगते. या आठवड्यांत घडण्यासारखे विशेष काही नसते. येशू बोधकथा सांगतो, आजाऱ्यांना बरे करतो, कोणाच्या तरी घरी जेवायला जातो, आणि रविवारमागून रविवार तेवढेच वाचले जाते. आमच्या आयुष्यातला बहुतेक आनंद याच आठवड्यांत असतो, हे मला सांगायचे आहे.

माझी आई दादरच्या बाजारात फुले विकत असे. पहाटे तीनला उठून मोगरा, सोनचाफा, तगर, जास्वंद जे काही वाडीत असेल ते केळीच्या पानांत बांधून पाटी भरायची आणि पहिल्या गाड्यांपैकी एखादी लोकल पकडायची, हा तिचा क्रम मी शाळेत असताना रोज पाहिला. तिच्याबरोबर गावातल्या आठदहा बाया असत. गाडीत बसायला जागा मिळाली की त्यांतली एक जण जपमाळ सुरू करी आणि बाकीच्या हातातले गजरे ओवता ओवता उत्तर देत. शेजारच्या डब्यातून पुरुषांच्या भजनी मंडळाचे टाळ ऐकू येत. आईने वाढवलेली फुले दादरहून घरोघरच्या देव्हाऱ्यांत आणि गणपतीच्या पायांशी जात, याचा तिला मोठा अभिमान होता. आपल्या हातचे फूल कोणाच्या तरी प्रार्थनेत गेले, म्हणजे आपणही त्या प्रार्थनेत थोडे होतो, असे ती म्हणे. ज्या दिवशी भाव पडे त्या दिवशी उरलेली फुले ती परत आणून चर्चच्या मागच्या क्रुसाला वाहून येत असे. त्या दिवशी तिचा चेहरा थकलेला दिसे, पण ती चिडलेली कधी दिसली नाही. "आजचं देवानं आज पाहिलं, उद्याचं उद्या पाहील," एवढे म्हणून ती भाकरी थापायला बसे. आम्हा मुलांना तेव्हा ते बोलणे सवयीचे वाटायचे. त्यामागे किती शिस्त होती ते मला पन्नाशीनंतर कळले.

त्या शिस्तीचे सर्वांत स्पष्ट रूप जपमाळेत दिसते. बिगर-ख्रिस्ती वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिते. जपमाळेत येशूच्या आणि मरीयामातेच्या जीवनातील प्रसंगांवर मनन करायचे असते. त्या प्रसंगांना आम्ही रहस्ये म्हणतो आणि त्यांचे वार ठरलेले आहेत. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये जोडली, ती गुरुवारी असतात. म्हणजे घरात लग्न असले तरी मंगळवारी येशूच्या डोक्यावरच्या काटेरी मुकुटाचे स्मरण करायचे, आणि कोणाला मातीआड करून आलो असलो तरी सोमवारी देवदूत मरीयेकडे निरोप घेऊन आल्याचा आनंद आठवायचा. आपली मनःस्थिती काय आहे ते माळ विचारत नाही. तरुणपणी मला हे यांत्रिक वाटे. आता वाटते की माझ्या मनाच्या लहरीपेक्षा मोठ्या अशा कोणाच्या तरी कथेत मला रोज नेऊन बसवणारी ती रीत आहे, आणि तिनेच मला अनेकदा सावरले आहे.

शिवाय आनंदाची म्हणून जी पाच रहस्ये सांगितली आहेत ती नीट पाहावीत. पहिल्यात एका कुमारिकेला असा निरोप मिळतो की ती प्रथम गोंधळून जाते. दुसऱ्यात ती डोंगराळ मुलुखातून वाट तुडवत आपल्या वयस्क, गरोदर नातलगाच्या, अलीशिबेच्या घरी जाते. तिसऱ्यात तिचे बाळ जन्मते, आणि उतारशाळेत जागा नसल्याने त्याला गव्हाणीत ठेवावे लागते. चौथ्यात त्या बाळाला मंदिरात अर्पण करायला नेले असता वृद्ध शिमोन तिला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. पाचव्यात बारा वर्षांचा मुलगा यात्रेहून परतताना हरवतो आणि आईबाप तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधत फिरतात. चर्चने यांना आनंदाची रहस्ये म्हटले आहे. पण यांतला एकही प्रसंग काळजीवाचून नाही. मुलाला ताप चढला की रात्रभर उशाशी बसणाऱ्या, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जेवण न जाणाऱ्या आयांना हा आनंद आपल्याच ओळखीचा वाटतो. पाचव्या रहस्यातला मुलगा शेवटी मंदिरात सापडतो खरा. पण ते तीन दिवसही त्या आनंदाच्या हिशेबात धरलेले आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. माझ्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि जवळजवळ तीन वर्षे आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिससाठी जात होतो. रमेदी मातेच्या चर्चमध्ये मी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या. बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घर, पाळणा असे आकार वाहतात, तसे मीही वाहिले. नवस बोलणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्या मेणामागे किती रडणे असते हे मी पाहिले आहे. पण माझ्या नवसात एक सौदा होता हे मला मान्य केले पाहिजे: मी इतके करीन, तू त्यांना वाचव. ते वाचले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत असे आणि ओठ न हलवता परत येत असे. प्रार्थना ऐकली गेली नाही, मग भरवसा कशावर ठेवायचा, हा प्रश्न मला त्या काळात कोणाला विचारण्याचाही धीर नव्हता.

मला परत आणले ते एका शब्दाने. एरवी आपण घोकल्यासारखी म्हणतो ती येशूने शिकवलेली प्रार्थना, त्यात 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असे आहे. त्या 'आज' वर मी इतकी वर्षे कधी थांबले नव्हते. वर्षभराचे धान्य दे, दुखणे कायमचे घालव, असे मागायला येशूने शिकवलेले नाही. बायबलच्या जुन्या करारात मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळे, तोही त्या त्या दिवसापुरताच. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा असे. माझ्या यजमानांच्या त्या तीन वर्षांकडे मी या नजरेने मागे वळून पाहिले, तेव्हा मला दिसले की ज्या दिवसाला जे लागत होते ते त्या दिवशी मिळत गेले होते. कधी शेजारच्या मुलाने रिक्षा काढली, कधी यजमानांना दोन घास चवीने गेले, कधी डायलिसिसच्या खोलीत पलीकडच्या खाटेवरच्या एका मुस्लिम गृहस्थांशी त्यांची भाजीपाल्यावर तासभर चर्चा रंगली आणि दोघेही हसले. मी मागितलेले मोठे दान मिळाले नाही हे खरे आहे आणि ते मला आजही दुखते. पण ते दिवस रिकामे नव्हते, आणि ते रिकामे नव्हते हे ओळखता येणे यालाच मी आता आनंद म्हणते. देवावर भरवसा म्हणजे सगळे माझ्या मनासारखे होईल अशी खात्री, असे मी पूर्वी समजत होते. आता मला एवढेच म्हणता येते की जे होईल त्यात मी एकटी नसेन.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. नैराश्याने किंवा कोणत्याही मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसाला 'तुझी श्रद्धा कमी पडते, जास्त प्रार्थना कर' असे सांगणारे लोक आमच्या समाजातही आहेत, आणि ते फार मोठी इजा करतात. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये सिराक नावाचा ग्रंथ आहे, त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे आणि औषधे देवानेच भूमीतून उगवली आहेत, अशा अर्थाचा उपदेश आहे. गोळी घेणे हा अविश्वास नाही. आपल्या पुरवणीतल्या डॉक्टरांशी माझे याबाबतीत काही भांडण नाही, हे स्पष्ट असावे.

तसेच, भरवसा ठेवणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो, हा समजही आमच्या वसईने खोटा ठरवला आहे. सावकारी कर्जाच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी इथल्या कॅथलिक समाजाने १९१८ साली एका धर्मगुरूच्या पुढाकाराने पतपेढी काढली, तिचीच पुढे बँक झाली. इथल्या वाड्या, विहिरी आणि बावखले बांधकामाखाली जाऊ नयेत म्हणून जे 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले, त्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. उस्मानाबादला २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले हेच ते फादर. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. देवाने दिलेले पाणी आणि माती राखणे हा त्यांच्या दृष्टीने भक्तीचाच भाग होता.  चार महिने पाऊस बावखलांत साठतो आणि उरलेले आठ महिने वाडी त्यावर जगते. प्रार्थनेचेही असेच असावे, असे मला वाटते. संकट आल्यावर खणायला घेतले तर पाणी लागायला वेळ लागतो. रोज थोडे थोडे साठलेले असले तर उन्हाळ्यात उपसता येते. माझे शेवटच्या बाकावरचे ते मूक महिने आईच्या लोकलमधल्या माळांवर निघाले असावेत.

आमच्या मातीतल्या संताचेही इथे स्मरण करते. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. १५९७ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले आणि १८६२ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. त्यांच्या हौतात्म्याबद्दल प्रवचनांत पुष्कळ सांगितले जाते. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा आधीचा भाग अधिक जवळचा वाटतो. ते काही काळ व्यापारी होते. जपानी भाषा चांगली येत असल्याने मिशनऱ्यांचे दुभाषा म्हणून काम करीत. फ्रान्सिस्कन संघात आले तेही ब्रदर म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे. म्हणजे मालाचे भाव करणे, दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला समजावणे, सांगितलेले काम करणे यांतच त्यांची वर्षे गेली. क्रुसासमोर उभे राहण्याचे बळ कुठल्या तरी एका सकाळी अचानक येत नसावे. ते अशाच बिनमहत्त्वाच्या दिवसांत तयार होत असावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्याविषयी लिहिताना, पावित्र्य आपल्या शेजारपाजारच्या माणसांत पाहावे, मुलांना प्रेमाने वाढवणाऱ्या आईबापांत आणि घर चालवण्यासाठी राबणाऱ्या माणसांत पाहावे, असे सुचवले होते. वसईच्या फुलवाल्या बायांना ते वाचून काही नवे वाटले नसते.

चर्चच्या वर्षात दोन रविवार असे आहेत की जांभळ्या वस्त्रांऐवजी गुलाबी वस्त्रे वापरता येतात: आगमनकाळाचा तिसरा आणि प्रायश्चित्तकाळाचा चौथा. दोन्ही दिवस आनंदाचे आणि दोन्ही प्रतीक्षेच्या, उपवासाच्या ऐन मध्यावर ठेवलेले. आगमनकाळातल्या त्या रविवाराचे लॅटिन नाव 'आनंद करा' अशा आज्ञेचे आहे आणि ते संत पौलाच्या फिलिप्पै येथील लोकांना लिहिलेल्या पत्रातून घेतलेले आहे. हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले होते. बाहेर काय ठेवले आहे, सुटका की मृत्यू, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि तरी आपल्या माणसांना तो पुन्हा पुन्हा आनंद करा असे सांगतो. शाळेत मुलांना आज्ञार्थ शिकवताना मला नेहमी वाटे की आनंदाचा आज्ञार्थ होऊ शकत नाही. कोणाला 'आनंदी हो' असे सांगून कोणी आनंदी होत नाही. आता वाटते की पौल ज्याची आज्ञा देतो ती भावना नसून एक कृती आहे, जसे 'दिवा लाव' म्हणावे तशी.

ती कृती माझ्या घरी कशी होते ते सांगून आवरते घेते. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातले काम थांबवून मी देवदूताची प्रार्थना म्हणते. नातवंडे आलेली असली तर तीही उभी राहतात. पूर्वी शेतात वाकलेली माणसेही त्या घंटेला सरळ उभी राहत, हे मी पाहिले आहे. रात्री झोपण्यापूर्वी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या रीतीने दिवस आठवते. त्यात पहिले काम चुका मोजण्याचे नसते, आभार मानण्याचे असते, आणि हा क्रम मोडायचा नसतो. काही दिवस असे असतात की आभार मानावेत असे काही सापडत नाही. तेव्हा मी सकाळपासून एकेक तास उलगडत जाते आणि आजवर एकदाही रिकाम्या हाताने अंथरुणावर पडले नाही. काल सापडले ते असे: २०१८ च्या जुलैतल्या पुरात वाडीत कमरेइतके पाणी शिरून आमची सारी केळी आडवी झाली होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडचे राजेळीचे चार मुनवे दिले होते, त्यांच्याच वंशातला एक घड काल उतरवला आणि त्यातल्या दोन फण्या त्या काकूंच्या सुनेकडे पोचवून आले.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. नाताळात आपले प्रतिनिधी आणि छायाचित्रकार वसईला येतात, त्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो आणि करत राहू. पण एकदा त्यांना सामान्य काळातही पाठवावे. पावसाळ्यातला एखादा मंगळवार असावा, सण नसावा, पाहुणे नसावेत. पहाटेच्या मिस्सेला छत्र्या झटकत येणारी पंचवीसतीस माणसे, त्यांतल्या निम्म्यांना पुढे गाडी गाठायची असते, आणि संध्याकाळी घंटेच्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या, एवढेच त्यांना दिसेल. त्यांनी कोणत्याही घरी थांबावे. चहा आणि तांदळाची भाकरी नक्की मिळेल, आणि हे पत्र वाचून काही विचारावेसे वाटले तर त्या घरातली माणसे माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

कळावे,
आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
वसई, जि. पालघर